विमल, बऱ्हाणपूर अजून यादीत आलं नाही

त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते पहिले सांगते, मंग बाकीचं. तू होती, खिडकीजवळच्या खाटेवर, मांडीवर फोन घेऊन. मी होती, खाली मेथी निवडत. माझी सून ज्योती होती, तिले सुट्टी होती. अन् आसिफ होता, आपला रेडिओवाला आसिफ, जो चार वर्षं रोज सकाळी साऱ्या गावाले ओरडून उठवायचा अन् आता विमा विकतो. बस, चौघं. पाचवं कोणी नव्हतं.

विमल, तू गेली त्याले आज सतरा दिवस झाले. तेरावं नीट झालं. भाजीत मीठ जास्त पडलं, पण लोकं चांगली होती, कोणी बोललं नाही. तू असती तर बोलली असती. आता बाया येतात अन् म्हणतात, नणंदच तर होती, एवढं कायले मनाले लावून घेता. मी त्याईले चहा देते. काय सांगू? नणंद कोणाले म्हणतात ते त्याईले माहीत आहे, विमल कोणाले म्हणतात ते माहीत नाही.

मी बोलते अन् ज्योती फोनवर लिहिते. माझं शिक्षण तिसरीतलं, तुले ठाऊकच आहे. नेपानगरच्या कागद मिलच्या क्वार्टरात मी नवरी होऊन आली तेव्हा तू आठ वर्षांची होती, अन् तुले माझ्यापेक्षा जास्त वाचता येत होतं. तू मले पहिल्याच दिवशी विचारलं, "वहिनी, तुला स्वतःचं नाव लिहिता येतं का?" मी म्हटलं, येते. तू म्हणाली, "लिहून दाखव." तेव्हापासून तुले सगळ्याचा पुरावाच लागे.

आता त्या दिवशी काय चाललं होतं ते सांगते. तुले सारं माहीत आहे, पण वाचणाऱ्याले बी कळलं पाहिजे.

फोनमधी एक ज्ञानकोश आहे. जगातल्या हर गोष्टीचं एक एक पान, मराठीत. ते पान कोणीबी लिहू शकते अन् कोणीबी दुरुस्त करू शकते. त्यात एक पान "रेडिओ कडाका"चं. पहिली ओळ मले पाठ आहे, कारण तू रोज चहाच्या आधी ती मोठ्यानं वाचायची: "रेडिओ कडाका हे मध्य प्रदेश, खानदेश आणि विदर्भात चालणारे एक व्यावसायिक रॉक रेडिओ जाळे होते." मी विचारलं, व्यावसायिक मतलब काय? तू म्हणाली, जाहिरातींवर चालणारं. अन् रॉक मतलब? "वहिनी, ते तू चार वर्षं ऐकलंस, मला काय विचारते?" व्हय, ऐकलं. पत्र्याच्या छपरावरून कोणी ट्रॅक्टर चालवावं तसं. अन् दोन गाण्यांच्या मधात केळीच्या ठिबकची जाहिरात, मंग मावा जलेबीची, मंग पुन्हा ट्रॅक्टर.

तर त्या पानावर खाली गावांची यादी आहे. इंदूर, खंडवा, जळगाव, भुसावळ, अकोला. जिथं जिथं कडाकाचं केंद्र होतं ती गावं. अन् बऱ्हाणपूर नाही! स्टेशन रोडवर सायकलच्या दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या, काचेचं दार होतं, छपरावर खांब होता, मी स्वतः तिथं चार वर्षं झाडू मारला, अन् यादीत बऱ्हाणपूर नाही.

त्या दिवशी तू ते नाव टाकलं. दोन बोटांनी, टाइपरायटरवर मारावं तसं फोनवर ठोकून. ओळ संपली की टिंग वाजत नाही म्हणून तू फोनवर सदा नाराज. "बऱ्हाणपूर" लिहून झालं, तू आम्हाले तिघांले दाखवलं. आसिफ म्हणाला, "बुआ, आज तो अपना शहर किताब में आ गया." ज्योतीनं साखर वाटली, पेढे नव्हते घरात. साखर तोंडात विरघळते न विरघळते तोच तू फोन डोळ्याजवळ नेला अन् म्हणाली, "गेलं."

कोण्या एका संपादकानं काढून टाकलं. त्याचं खरं नाव कोणाले माहीत नाही. तिथं लोकं काहीबी नाव घेतात, यानं घेतलं "काळा चहा". काढून खाली लिहिलं, संदर्भ नाही, उलटवले.

"संदर्भ म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे छापलेलं कुठं आहे ते दाखवा."

"अवं पण मी झाडलं ना तिथं!"

"तुझं झाडणं छापून आलंय का, वहिनी?"

तेवढ्यात आसिफनं खिशातून पाकीट काढलं. म्हणे, "बुआ, छपा तो है!" अन् पाकिटातून पेपरचं एक कात्रण निघालं, पिवळं, घडीवर फाटलेलं. त्यात आसिफ, कानावर हेडफोन, समोर माईक, जवान, केस असे उभे. तुझं तोंड असं फुललं की मले वाटलं तू खाटेवरून उठून नाचते. मंग तू कात्रण उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. पेपरचं नाव नाही. तारीख नाही. पान नंबर नाही. आसिफनं कैची घेऊन फक्त आपल्यापुरतं, खांद्याले चिकटून कापलं होतं.

"आसिफ," तू म्हणाली, "तू स्वतःला जपून ठेवलं आणि तारीख कचऱ्यात टाकली."

"बुआ, तब मेरी शादी की बात चल रही थी. लड़कीवालों को फोटो भेजना था, तारीख थोड़ी भेजते हैं."

आपण चौघं इतके हसलो की समोरच्या घरातून विचाराले आले. पण विमल, मी कमी हसली. तू पाहिलं का नाही, मले माहीत नाही. त्या कात्रणाच्या काठावर, आसिफच्या कोपराजवळ, झाडूच्या चार काड्या दिसत होत्या. तो झाडू कोणाच्या हातात होता ते मले माहीत होतं. त्या फोटोचं पूर्ण पान आपल्या घरात होतं. अन् ते कुठं गेलं ते बी मलेच माहीत होतं.

ते सांगते. जराक थांब. आजपर्यंत थांबली, आता अजून थोडं थांब.

पहिले हे सांगते की तू ह्या कडाकाच्या नादाले कशी लागली, कारण लोकं मले विचारतात. मिलच्या हापिसातली रिटायर टायपिस्ट, चष्मा, सुती पातळ, अन् ऐकते काय तर गिटार. लोकांले वाटे म्हातारी फिरली. लहानपणी तुझा कान फुटला होता. एक गेलाच, दुसरा बी वयानं मंद झाला. भजन लावलं तर तुले पुसट ऐकू ये, बातम्या लावल्या तर ओठ पाहाले लागे. एक दिवस मी कडाकाच्या हापिसातून एक छोटा रेडिओ आणला, त्याईच्याकडं जास्तीचा होता. लावला अन् तू एकदम ताठ बसली. "वहिनी, हे मला ऐकू येतंय! सगळं! खालचं, वरचं, मधलं!" मंग थोड्या वेळानं म्हणाली, "हे मशीनहाऊससारखं वाजतं. क्वार्टरात झोपल्यासारखं वाटतं." त्या दिवसापासून तू अन् कडाका. मी म्हणे, याले गाणं म्हणतात का? तू म्हणे, याला गाणंच म्हणतात, तू ज्याला गाणं म्हणते ते मला ऐकू येत नाही, मग त्याला मी काय म्हणू? हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. आता मिटवाले तू नाही, तर मी म्हणते, चल, गाणं. तुझं खरं.

अन् मी तिथं झाडाले कशी गेली ते बी सांगते, त्यात लाज नाही. तेव्हा लाज होती, आता नाही.

तुझा भाऊ कावीळ होऊन गेला तेव्हा माझा दिनेश दोन वर्षांचा होता. मी धूलकोटकडं माहेरी गेली नाही. माझा भाऊ गणपत घ्याले आला होता, बैलगाडी घेऊन. मी त्याले दारातून सांगतलं, मी कोणावर भार होणार नाही अन् कोणाच्या घरी झाडू बी मारणार नाही, इथंच राहीन. मोठ्या तोऱ्यात बोलली मी. मंग केळीच्या बागेत घड वाहिले, कापूस वेचला, क्वार्टरातल्या एकट्या माणसांचे डबे केले. खांद्याची कातडी सोलली जाई, घडाचा चीक पातळाले लागे तो निघत नसे. दिवस होते, गेले. तू कॉलेज अर्ध्यात सोडून टायपिंगच्या परीक्षेले बसली अन् मिलच्या हापिसात लागली. दोनदा तुले पाहाले पाहुणे आले. दोनदा तू चहाचा ट्रे ठेवून म्हणाली, मला आत्ता जमणार नाही, घरात लहान मूल आहे. ते मूल माझं होतं, विमल, तुझं नव्हतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात होती, दोन्ही वेळा ऐकलं, अन् दोन्ही वेळा बाहेर येऊन काही बोलली नाही. आज बी नीट बोलता येत नाही. ज्योती म्हणते लिहा, आभार. मी म्हटलं, थांब, तो शब्द लहान पडते.

तू रिटायर झाली, क्वार्टर सुटलं, आपण बऱ्हाणपूरले, राजपुऱ्यात ह्या दोन खोल्यांत आलो. माझी साठी उलटली होती, पण घरी बसायची आदत नव्हती. सायकलच्या दुकानवाल्यानं सांगतलं, वर रेडिओवाले आले, झाडू-पोछ्याले बाई पाहिजे. गेली. तिथं काचेची खोली, आत गालीचा, बाहेर चपला काढून जायचं. देवघरासारखं. आसिफ मले पहिल्या दिवसापासून अम्मा म्हणे.

मी गल्लीत अन् माहेरी सांगतलं, रेडिओत काम आहे. खोटं नव्हतं ते. फक्त झाडू सांगतला नाही.

अन् मंग तो दिवस. उन्हाळा होता, राजपुऱ्यात दोन दिवस नळ नव्हता. मी झाडता झाडता आसिफले सांगतलं, बेटा, आता येता येता पाण्यावाल्यानं सांगतलं, चार वाजता सोडणार आहे. आसिफनं गाणं थांबवलं, माईक माझ्या तोंडासमोर केला अन् म्हणाला, बोलो अम्मा. मी इतकी भेदरली की माझ्या कानात माझंच काळीज वाजत होतं. कायतरी बोलली. हिंदीत बोलली का मराठीत ते बी आठवत नाही. चार वाजता राजपुऱ्यात पानी, भांडी काढून ठेवा. एवढंच. अन् पुन्हा ट्रॅक्टर सुरू.

घरी आली तर तू दारात. सगळे हंडे, बादल्या, डबे, तुझ्या पितळी गडव्यासकट, ओट्यावर लाइनीत मांडलेले. "वहिनी, तू रेडिओवर! मला ऐकू आलं! तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला!" तू किती वर्षांनी माझा आवाज स्पष्ट ऐकला होता. घरात तर मी तुझ्या कानाजवळ ओरडे तेव्हा तू म्हणे, काय? चार वाजता पानी आलं. साऱ्या गल्लीचे हंडे भरले.

त्याच्यानंतर काही महिन्यांनी पेपरवाले आले फोटो काढाले.

आता सांगते.

दिवाळी तोंडावर होती. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत कडाकावर छापून आलं, बऱ्हाणपूरच्या केंद्रावर, मोठा फोटो. तू सकाळीच पेपर घेऊन आली, आख्ख्या गल्लीत दाखवला. मजकूर मले काही नीट वाचता आला नाही, फोटो पाहिला. मधात आसिफ. अन् बाजूले मी, पदर दातात, हातात झाडू, तोंड असं जसं कोणी चोरी पकडली. तू म्हणाली, फ्रेम करून घेऊ. मी म्हटलं, पाहू.

भाऊबीजेले गणपत येणार होता. धूलकोटाहून, दर वर्षी येते तसा, केळीचा घड घेऊन. तोच गणपत ज्याले मी दारातून सांगतलं होतं की कोणाच्या घरी झाडू मारणार नाही. त्यानं आपल्या गावात सांगून ठेवलं होतं, माझी अक्का रेडिओत आहे. अन् हा फोटो भिंतीवर!

फळ्यांवरचे जुने पेपर काढून नवे घालायचे होते, तसे आपण दर दिवाळीले घालतो. जुने पेपर गोणीत भरले. तो रविवारचा पेपर मी माझ्या हातानं त्या गोणीत टाकला, खाली, मधात. रद्दीवाला आला. गोणी घेऊन त्यानं मले पिठाची चाळणी दिली.

तीच चाळणी, विमल. जिच्यानं मी तुझ्या भाकरीचं पीठ चाळलं, रोज. तू म्हणे, चाळणी चांगली मिळाली हं वहिनी, बारीक आहे. मी म्हणे, व्हय.

तू नंतर विचारलं, पेपर कुठं गेला? मी म्हटलं, असंल इथंच. तू थोडं शोधलं, सोडून दिलं. तेव्हा तू बी काही मनावर घेतलं नाही. पुढं कडाका बंद पडला, आसिफ विम्यात गेला, खांब उतरवला. सारं विसरलं. पण हा काळा चहा उगवला अन् त्या एका पेपरची किंमत जगात सगळ्यात जास्त झाली.

पेपर कोणता अन् कोण्या दिवाळीचा ते तुले पक्कं आठवत नव्हतं, अन् अंदाजानं लिहिणं तुले चालत नव्हतं. तू कशी कशी शोधत होती! पेटी उघडली, गादीखाली पाहिलं, देवाच्या फोटोच्या मागं पाहिलं. अन् मी तुझ्यासंग शोधत होती. तुझ्यासंग! गादी मीच उचलून धरली.

ज्योती एकदा कंटाळून म्हणाली, "आत्या, कोई भी पेपर का नाव टाका ना, कोई भी तारीख. कौन देखता है?"

तू फोन खाली ठेवला. तू रागावली की आवाज चढत नाही तुझा, उतरते. "ज्योती, मी तेहतीस वर्षं टाईप केलं. साहेब म्हणाले तरी न झालेल्या मीटिंगचा कागद मी टाईप केला नाही. बऱ्हाणपूर यादीत नसलं तर नसू दे. खोट्यावर नको."

मी पीठ मळत होती, त्याच चाळणीनं चाळलेलं.

अन् त्या काळ्या चहासंग तुझं भांडण! पानाच्या मागं बोलायची जागा असते, तिथं तुम्ही दोघं महिनोन् महिने. तू लिहिलं, माझी वहिनी प्रत्यक्ष तिथं कामाला होती. त्यानं लिहिलं, आदर आहे, पण घरच्या माणसाची साक्ष चालत नाही. तू लिहिलं, मग कुणाची चालते? त्यानं लिहिलं, छापलेल्याची. तू फोन आदळून म्हणे, मेला दगड आहे! अन् दुसऱ्या मिनिटाले म्हणे, पण बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूनं आहे? तर म्हणे, "वहिनी, उद्या कुणी येऊन त्या यादीत न्यूयॉर्क टाकलं तर? मी पण काढूनच टाकीन." मले वाटते, गावात तुले कोणी जोडीचं मिळालं नाही, अन् हा मिळाला, तो बी तोंड न पाहिलेला. एकदा त्यानं दोन दिवस लिहिलं नाही तर तू विचारलं, तब्येत बरी आहे ना?

मी म्हणे, त्या पानात हे बी लिही की लाइट गेली की आसिफ खाली येऊन सायकलच्या दुकानात पंक्चर काढे. हे बी लिही की गालिच्याखाली मुंगळे होते. तू म्हणे, "असलं लिहीत नाहीत ज्ञानकोशात." मंग काय लिहितात? कधी सुरू झालं, कधी बंद झालं, किती गावं. मी म्हटलं, मधातलं सारंच सोडून देतात का? तू म्हणाली, मधातलं तू सांग, बाहेरचं मी लिहिते. ते बी भांडण अर्धंच राहिलं. आता मधातलं सांगाले बसली तर लिहिणारी ज्योती आहे, अन् ती दर ओळीले थांबून डोळे पुसते. काम पुढं जात नाही.

एक दिवस उन्हं उतरल्यावर आपण दोघी रिक्षानं वाचनालयात गेलो होतो, आठवते? तू चांगलं पातळ नेसली जशी लग्नाले चालली. वाचनालयातल्या माणसानं सांगतलं, मावशी, जुने पेपर दर वर्षी रद्दीत जातात, जागा कुठं आहे. तू त्याले म्हणाली, "आम्ही नेपानगरच्या. जन्मभर पेपरचा कागद आमच्या दारावरून गेला. गाड्या भरभरून. आणि आज एक पान मिळेना." तो बिचारा हसला, त्यानं तुले खुर्ची दिली.

येता येता तू रिक्षा थांबवून जलेबी घेतली. डॉक्टरनं नाही म्हटलेलं. दोघींनी रिक्षातच खाल्ली, पाक कोपरापर्यंत. माझ्या जिभेवर आलं होतं तेव्हा. खरंच आलं होतं. मी म्हटलं, "विमल, तो पेपर..." अन् तू बोट चाटत म्हणाली, "जाऊ दे वहिनी. तसाही त्या फोटोत तुझा चेहरा काही बरा आला नव्हता."

हे तू कायले म्हणाली? सतरा दिवस झाले मी हेच फिरवते मनात. तुले माहीत होतं का? रद्दीवाल्यानं सांगतलं होतं का? तू चाळणीची तारीफ मुद्दाम करत होती का? तू सगळ्याचा पुरावा मागे, अन् माझा पुरावा तुझ्या समोर ठेवलेला होता तर मागितला का नाही? तुझा स्वभाव असा की माहीत असतं तर एकदा तरी टोमणा मारला असता. अन् तुझा स्वभाव असाबी की नसता मारला.

तू त्याच महिन्यात गेली. सकाळी चहा दिला, हूं म्हणाली, कानात फोनची वायर घातलेली होती. मी भांडी घासून आली तर चहा तसाच. वायरीतून गिटार वाजत होतं, बारीक. मी ते बंद केलं नाही. ज्योती आली तिनं केलं.

तेराव्याले गणपत आला. सगळे जेवून उठले, तो ओट्यावर सुपारी कातरत बसला. मी त्याच्याजवळ बसली अन् सगळं सांगतलं. झाडू, फोटो, गोणी, चाळणी. म्हटलं, तुझ्या भ्यानं केलं मी हे. गणपतनं अडकित्ता खाली ठेवला.

"अक्का, तू येडी आहे का?"

"कायले?"

"तू पाण्याचं बोलली ना रेडिओवर, तेव्हा मी केळीत होतो. सालदाराचा रेडिओ होता. तू बोलायच्या आधी तो पोरगा काय बोलला, तुले माहीत नाही?"

"मी भेदरलेली होती."

"तो बोलला, ये हमारी अम्मा हैं, रोज सुबह हमारा स्टूडियो झाड़ती हैं, आज ये बताएँगी. साऱ्या धूलकोटानं ऐकलं. सालदार मले म्हणे, पाटील, तुमची बहीण! मी गावात त्याच्यानंतरच तर सांगतलं, माझी अक्का रेडिओत आहे."

विमल, मी तिथंच हसाले लागली. तेराव्याच्या दिवशी, ओट्यावर, तोंडाले पदर लावून. बायांले वाटलं मी रडते, दोघी येऊन पाठीवर हात फिरवाले लागल्या, मंग मले अजूनच हसू येई. जो झाडू मी पेपरात लपवला तो रेडिओनं आधीच साऱ्या जिल्ह्याले दाखवला होता! अन् तू तर तो कार्यक्रम ऐकला होता, स्पष्ट, हर एक शब्द. हे साऱ्यांनी ऐकलं ते तुले बी माहीत होतं. हंडे मांडताना माहीत होतं, फ्रेम करू म्हणताना माहीत होतं. तुले त्या झाडूचं काहीच वाटलं नव्हतं. एक मीच होती जिले वाटत होतं.

म्हणून आता सांगते, तुझ्या माघारी का होईना: पेपर मी रद्दीत दिला. इथं-तिथं हरवला नाही, उंदरानं नेला नाही, मी दिला. तू जेवढ्या दुपारी तो शोधला तेवढ्या दुपारी मी खोटी होती. माफ कर म्हणत नाही, तू "बरं बरं, पीठ मळ" म्हणून उडवून लावशील. फक्त सांगतलं.

तेराव्याच्याच दिवशी ज्योतीनं त्या बोलायच्या जागी लिहिलं की आमच्या आत्या गेल्या. काळ्या चहानं तासाभरात उत्तर दिलं. ज्योतीनं वाचून दाखवलं. त्यानं लिहिलं की बाईंनी ह्या पानावर जेवढी मेहनत केली तेवढी कोणी केली नाही, साऱ्या चुका त्याईनीच काढल्या, वाईट वाटलं. मी ज्योतीले म्हटलं, विचार, आता तरी बऱ्हाणपूर टाकतो का. ज्योतीले बरं वाटेना, पण विचारलं. तो म्हणाला, नाही, क्षमा करा, संदर्भाशिवाय टाकता येणार नाही, बाईंनीच टाकू दिलं नसतं. पण पेपरचं नाव, तारीख अन् पान मिळालं तर त्याच दिवशी मी स्वतः टाकीन.

मेला दगड आहे. पण बरोबर आहे त्याचं.

आता हे जो कोणी वाचंल त्याले माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी जुने पेपर असतील. पेटीच्या तळाले, फळीवर, फोटोच्या फ्रेमीमागं, देवाच्या पितळी भांड्यांले गुंडाळलेले. इकडं बऱ्हाणपुरात, नेपानगरात, धूलकोटात, रावेरकडं, जिथं तो पेपर जायचा तिथं. एकदा काढून पाहा. रविवारची पुरवणी, दिवाळीच्या आधीची, त्यात रेडिओ कडाकाचं नाव, माईकसमोर एक जवान पोरगा, अन् त्याच्या बाजूले हातात झाडू घेतलेली एक बाई. ती मी. फोटो कापू नका, पान पुरं राहू द्या. पेपर आम्हाले पाठवायची बी गरज नाही. वर पेपरचं नाव असंल, तारीख असंल, पान नंबर असंल. तेवढं त्या पानाच्या बोलायच्या जागी लिहा. लिहिता येत नसंल तर घरात ज्याले येते त्याले सांगा.